माझं आणि छोटूचं जुळलं नाही!

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी माझ्याकडं आली. हातात भूमितीची वही होती, पण प्रमेय विचारायला ती आलेली नाही हे मला लगेच कळलं. थोडा वेळ ती नुसती वहीची पानं चाळत बसली आणि मग एकदम म्हणाली, "मावशी, उद्या माझं रक्त तपासणार आहेत. दादाशी जुळतंय का ते बघायला. नाही जुळलं तर दादा माझ्यावर रागावेल का गं?"

मुलांनो, तिचा प्रश्न ऐकला आणि मी एकदम १९९४ सालात जाऊन पोहोचले. कारण तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. तिला मी जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगणार आहे.

तेव्हा मी आठवीत होते. आम्ही मुलुंडला एका चाळीत राहायचो. आई, बाबा, मी आणि माझा सहा वर्षांचा धाकटा भाऊ छोटू. छोटूला थॅलेसेमिया होता. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. छोटूच्या शरीरात ते नीट तयारच व्हायचं नाही. त्यामुळं दर तीन आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागायचं. रक्त चढवलं की स्वारी खूश! गॅलरीभर धावायची. तीन आठवडे होत आले की चेहरा पांढुरका पडायचा आणि तो दारातच बसून राहायचा. शिवाय इतक्या रक्ताबरोबर अंगात लोह साठतं. ते काढायला रात्री पोटाच्या कातडीत सुई टोचून एक छोटा पंप लावावा लागायचा. आई रोज रात्री ती सुई टोचायची आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आवरत बसायची.

डॉक्टरांनी बाबांना एक उपाय सांगितला होता. रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतं. छोटूची अस्थिमज्जा बदलता आली तर? आपल्या मुंबईतच, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं होतं. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. डॉ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. व्हीलचेअरवर बसूनच त्यांनी हे सारं काम केलं. बाबांनी ही हकीकत आम्हाला दहादा तरी सांगितली असेल. सांगताना ते माझ्याकडं बघायचे. भावाची बहिणीला चालली, तर बहिणीची भावाला का नाही चालणार?

आता एक गोष्ट कबूल करते. तपासणीच्या दोन दिवस आधी मी छोटूशी भांडले होते. आमच्या शाळेची सहल रायगडला जाणार होती आणि सहलीचे पैसे पंपाच्या सुयांमध्ये गेले होते. मी रागाच्या भरात त्याला म्हणाले, "तू नसतास तर बरं झालं असतं!" तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं खिशातून लिमलेटची गोळी काढून त्यानं माझ्यापुढं धरली. त्याला वाटलं, ताईला भूक लागली म्हणून ती ओरडते आहे.

मग आम्ही स्लो लोकलनं परळला गेलो. माझं रक्त घेतलं, आई-बाबांचं घेतलं, छोटूचं घेतलं. काही दिवसांनी रिपोर्ट आणायला बाबा मला घेऊन गेले. ते डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि काय ते समजले. "नाही जुळलं बेटा," एवढंच म्हणून ते कागदांवर सह्या करायला पुन्हा आत गेले.

मी बाकावर बसून रडायला लागले. मला वाटलं, मी छोटूला तसं बोलले, ते माझ्या रक्तानं ऐकलं!

समोरच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एक काकू डबा खायला बाहेर आल्या होत्या. त्यांनीच माझं रक्त तपासलं होतं. "काय गं, सुई अजून दुखते की काय?" त्यांनी विचारलं. मी हुंदके देत देत सगळं सांगून टाकलं. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्ताला भांडण कळत नाही गं. तुझा ब्लड ग्रुप काय?"

"बी पॉझिटिव्ह. छोटूचाही बी पॉझिटिव्हच. मग जुळलं कसं नाही?"

"अस्सं! म्हणजे तुला वाटतं, ब्लड ग्रुप जुळला की झालं. ब्लड ग्रुप ही तांबड्या पेशींवरची खूण. या परळमध्येच केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५२ साली एक अगदी दुर्मीळ रक्तगट सापडला. सगळं जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतं. पण आम्ही तुझं जे तपासलं ना, ते निराळंच. दप्तरात कंपास आहे का तुझ्या?"

मी कंपासपेटी काढून दिली. काकूंनी झाकण उघडलं, करकटक, गुण्या, कोनमापक, सगळं बाजूला काढलं. आतला खाचांचा प्लॅस्टिकचा ट्रे तेवढा राहिला. माझी तुटलेली मण्यांची माळसुद्धा त्यातच पडलेली होती. काकूंनी तिच्यातले नऊ मणी मोजून दोऱ्याला गाठ मारली आणि तो तुकडा पेन्सिलीच्या लांबट खाचेत ठेवला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर अशा हजारो खाचा असतात. त्या खाचा म्हणजे एक प्रकारचे रेणू. त्यांचं नाव एचएलए. तांबड्या पेशींवर मात्र त्या जवळजवळ नसतातच. म्हणून नुसता ब्लड ग्रुप बघून छोटूला कुणाचंही रक्त चालतं. अस्थिमज्जेच्या पेशींवर त्या खचाखच भरलेल्या असतात. म्हणून ती कुणाचीही चालत नाही."

"पण पेशींना खाचा कशाला लागतात?"

"बरोबर विचारलंस! मणी ठेवायला."

आता जरा नीट लक्ष द्या हं, कारण इथंच खरी गंमत आहे. आपल्या पेशीत सतत नवी प्रथिनं तयार होत असतात. जुनी, बिघडलेली प्रथिनं पेशी बारीक चिरून टाकते. हे तुकडे म्हणजे पेप्टाइड. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, आणि पेप्टाइड म्हणजे त्या माळेचा छोटा तुकडा. असा साधारण नऊ मण्यांचा तुकडा पेशीच्या आतच एचएलएच्या खाचेत बसतो आणि मग खाच आणि तुकडा, दोघं मिळून पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येतात. खाच रिकामी राहिली तर तो रेणू टिकतच नाही, मोडून पडतो.

आमच्या चाळीत कुणाच्याही घरी काही वेगळं शिजलं की शेजारी वाटीभर जायचं. कुणाकडं काय शिजतंय हे दार न ठोठावताही कळायचं. पेशीचंही तसंच. 'माझ्या घरात काय काय शिजतंय' याचा नमुना ती सतत बाहेर मांडून ठेवते. पेशी निरोगी असेल तर सगळे नमुने ओळखीचे. पण पेशीत एखादा विषाणू शिरला असेल तर? विषाणू पेशीच्या आत लपून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. बाहेरून तो दिसतही नाही. पण त्याच्या प्रथिनांचेही तुकडे होतात आणि तेही खाचेत बसून बाहेर येतात. झाली चोरी उघड!

हे नमुने तपासत फिरतात त्या टी पेशी. टी पेशीच्या अंगावर एक ग्राही असतो. तो खाचेवर जरासा तिरका टेकतो आणि चाचपून बघतो. काकूंनी माझं बोट धरून डोळे मिटायला सांगितलं आणि ते माळेवरून फिरवलं. "काय लागतंय हाताला?"

"मणी. आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या कडा."

"शाब्बास! टी पेशीलाही दोन्ही लागतात. नुसते मणी तिला वाचता येत नाहीत आणि नुसती खाचही नाही. मणी अधिक खाच असं जोडाक्षरच तिला कळतं."

हे जोडाक्षर कुणी शोधलं ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागल या दोघांनी, १९७४ साली. डोहर्टी शिकले होते जनावरांचे डॉक्टर म्हणून! त्यांनी एका उंदराला विषाणूची लागण केली. त्या उंदराच्या टी पेशी लागण झालेल्या पेशींना मारत होत्या. पण त्याच विषाणूनं पछाडलेल्या दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी समोर ठेवल्या, तर त्यांना हातही लावत नव्हत्या. विषाणू तोच, पण खाच परकी! मी दहावीत असताना, १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये, याच शोधासाठी दोघांना नोबेल मिळाल्याची बातमी पेपरात आली. मी ती कापून छोटूच्या पंपाच्या डब्याला चिकटवली होती.

खाच प्रत्यक्ष 'दिसली' ती त्या शोधानंतर बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पामेला बियॉर्कमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी या रेणूचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी त्याचा आकार शोधून काढला. १९८७ साली तो छापून आला. खाली सपाट तळ, दोन बाजूंना दोन पिळाचे बांध आणि मधे लांबट खाच, अगदी पेन्सिलीच्या खाचेसारखी. खाचेत काहीतरी पडलेलंही दिसत होतं. ते पेप्टाइडच होते! मग १९९१ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन शहरात रामेन्से यांच्या गटानं दाखवलं की, खाचेच्या तळाशी बारीक खळगे असतात आणि माळेतले ठरावीक मणी त्यांत घट्ट रुततात. पुष्कळ खाचांमध्ये हे मणी म्हणजे दुसरा आणि शेवटचा. हे दोन मणी जमले की माळ बसली, आणि मधले काही मणी टी पेशीला वाचायला वर राहतात.

(खाचांची आणखी एक जात असते. तिची दोन्ही टोकं उघडी असतात, म्हणून तिच्यात जास्त लांबीची माळ मावते. ती मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या खास पेशींवर असते आणि बाहेरून गिळलेल्या जंतूंचे तुकडे दाखवते.)

हे सगळं मला त्या दिवशी बाकावर समजलं, असं मुळीच नाही हं! बरंचसं पुढं कॉलेजात शिकले. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता.

"पण काकू, माझी खाच छोटूच्या खाचेसारखी का नाही? आम्ही सख्खे बहीण-भाऊ आहोत!"

काकूंनी डब्याच्या झाकणावर चार शेंगदाणे मांडले. "आईकडं खाचांचे दोन संच असतात आणि बाबांकडंही दोन. प्रत्येक मुलाला आईकडून एक आणि बाबांकडून एक मिळतो. कुठला मिळेल ते नशीब. आता मोज बघू, किती जोड्या होतात?"

मी मोजल्या. चार.

"म्हणजे दोन भावंडं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. अर्धी जुळायची चारात दोन. आणि अजिबात न जुळायची चारात एक. तुमच्या वाट्याला ती शेवटची आली. यात तुझी चूक कुठं आली?"

मुलांनो, थॅलेसेमियाचा हिशेबही असाच आहे, बरं का. आई-बाबा दोघंही या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक. छोटूला तो झाला, मला झाला नाही. त्यातही माझं काही कर्तृत्व नव्हतं.

"पण नाही जुळलं तर होतं काय? द्या तशीच!" मी हट्टानं म्हणाले.

मग काकूंनी थायमसची गोष्ट सांगितली. थायमस म्हणजे छातीच्या हाडामागं असलेली टी पेशींची शाळा. तुमच्या वयात ती मोठी असते, पुढं आक्रसत जाते. तिथं परीक्षा इतकी कडक की शंभरातल्या मोजक्याच पेशी पास होतात. जिला आपल्या खाचा वाचताच येत नाहीत ती नापास. जी आपल्याच निरोगी पेशींवर तुटून पडते तीही नापास. पण ही सगळी परीक्षा होते आपल्या खाचांवर. परक्याच्या खाचा अभ्यासक्रमातच नसतात! त्या समोर आल्या की पुष्कळ टी पेशींना वाटतं, चोर शिरला, आणि त्या हल्ला चढवतात. अस्थिमज्जेच्या बाबतीत तर उलटाही धोका असतो. तिच्याबरोबर देणाऱ्याच्या टी पेशीही आत जातात. "तुझ्या टी पेशींनी छोटूलाच परका समजून त्याच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला केला असता. म्हणून डॉक्टर नको म्हणाले. तुला वाचवायला नाही, त्याला वाचवायला."

मी गप्प झाले. काकूंनी मला आत नेऊन एक छोटी पारदर्शक ताटली दाखवली. तिच्यात मुंगीच्या घराएवढे कितीतरी खळगे होते. प्रत्येकात निरनिराळी प्रतिपिंडं ठेवून त्यांत माझ्या पांढऱ्या पेशी टाकलेल्या. ज्या खळग्यात पेशी मरून रंग शोषतात, तिथलं प्रतिपिंड त्या खाचेला चिकटलं असं समजायचं. "ही प्रतिपिंडं कुठून येतात, सांग बरं? आयांकडून! बाळाच्या निम्म्या खाचा बाबांच्या असतात ना, म्हणून दोन-तीन बाळंतपणं झाली की पुष्कळ आयांच्या रक्तात त्या खाचांविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. बाळाला सहसा त्यांचा त्रास होत नाही. पण आम्हाला मात्र त्यांचा फार उपयोग." आता ही तपासणी थेट डीएनएवरून होते आणि कितीतरी अचूक झाली आहे. पण त्या ताटलीकडं बघताना मला कुठल्या कुठल्या अनोळखी आया आपल्या छोटूसाठी धावून आल्यासारख्या वाटल्या होत्या.

निघता निघता मी शेवटचा प्रश्न विचारला. "सगळ्या माणसांच्या खाचा सारख्याच असत्या, तर किती बरं झालं असतं ना?"

काकूंनी कंपासमधली माळ उचलली आणि कोनमापकाच्या खाचेत ठेवायचा प्रयत्न केला. बसेना. "बघ, प्रत्येक खाचेत प्रत्येक माळ बसत नाही. आता समज, सगळ्यांच्या खाचा एकसारख्या आहेत आणि असा एक विषाणू आला की ज्याची माळ या खाचेत नीट बसतच नाही. मग तो कुणालाच पकडता येणार नाही. सगळेच आजारी! पण तुझी खाच वेगळी, छोटूची वेगळी, म्हणून एकाच्या नजरेतून निसटलेला चोर दुसऱ्याला सापडेल. तू छोटूपेक्षा वेगळी आहेस म्हणून तुमचं घर जास्त सुरक्षित आहे गं. ऑपरेशनला अडचण यावी म्हणून काही देवानं खाचा वेगवेगळ्या केलेल्या नाहीत."

हे मात्र मला त्याच दिवशी समजलं. जगात या खाचांचे हजारो प्रकार आहेत, आणि माणसाची जात आजवर इतक्या साथींमधून तगली त्यात या विविधतेचा मोठा वाटा आहे.

त्या संध्याकाळी मुलुंड स्टेशनबाहेर बाबांनी छोटूसाठी वडापाव घेतला. घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, "छोटू, आपलं जुळलं नाही रे." तो म्हणाला, "मग तू दुसरं काहीतरी दे." आणि माझ्या वाटणीच्या वडापावाचा मोठा घास त्यानं तोडला!

छोटूचं पुढं काय झालं, हे विचारणार ना? पुढं लोह काढायच्या गोळ्या मिळू लागल्या आणि रात्रीच्या सुईतून त्याची सुटका झाली. रक्त मात्र अजूनही घ्यावं लागतं. आज तो चाळिशीकडं झुकलाय आणि अंधेरीला नोकरी करतो. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो. दर तीन आठवड्यांनी एक दिवस सुट्टी, रक्तासाठी. मी अठरा वर्षांची झाल्यावर रक्तदान सुरू केलं. माझं रक्त कुणाला जातं ते मला माहीत नाही, आणि छोटूला कुणाचं येतं तेही आम्हाला माहीत नाही. पण कुणीतरी देतं, म्हणून माझा भाऊ आहे.

आता दिवसही बदललेत. बोरिवली पूर्वेला मुंबई महानगरपालिकेचं केंद्र आहे. तिथं थॅलेसेमियाच्या मुलांवर उपचार होतात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होतं. घरात कुणी जुळलं नाही, तर स्वेच्छेनं नाव नोंदवलेल्या अनोळखी दात्यांमध्ये शोध घेता येतो. आणि आई-बाबा तर नेहमीच निम्मे जुळतात. नव्या औषधांच्या मदतीनं निम्म्या जुळणीवरही आता काही मुलांचं प्रत्यारोपण होऊ शकतं. धोका असतोच, पण १९९४ मध्ये आमच्यासाठी बंद झालेलं दार आता किलकिलं झालंय.

शेजारच्या मुलीला मी हे सारं सांगितलं. कंपासपेटी तिचीच वापरली. ती बराच वेळ माळेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "म्हणजे जुळलं तर मी त्याला मज्जा देणार. आणि नाही जुळलं तर?"

"तर त्याच्याशी रोज कॅरम खेळायचा. आणि भांडणसुद्धा करायचं. त्याच्यानं खाचांमध्ये काही फरक पडत नाही!"

ती खुदकन हसली. तिचा रिपोर्ट अजून यायचाय. हे लिहिताना भिंतीपलीकडून दोघांच्या कॅरमचा खडखडाट ऐकू येतो आहे.

तेव्हा मित्रांनो, हा अंक वाचून झाला की दोन कामं करा. आई-बाबांना विचारा, त्यांनी शेवटचं रक्तदान कधी केलं? आणि घरात ताई-दादाचं लग्न ठरत असेल, तर पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाची साधी रक्ततपासणीही करून घ्यायला सांगा. दोघंही वाहक आहेत हे आधी कळलं, तर डॉक्टरांचा सल्ला वेळेवर घेता येतो. आणि तुमचं तुमच्या भावंडाशी कशातच जुळत नसेल, तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. आमचंही जुळलं नव्हतं!